जुन्या कॅमेऱ्यासाठी परवडणारी फ्लॅशगन

वार्षिक अंकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा आपण काही लिहावे असे माझ्या मनातही नव्हते. कविता मला जमत नाही. प्रवासवर्णन लिहावे तर माझा प्रवास रोजचा, खडवली ते कल्याण, मध्ये टिटवाळा. परंतु गेले वर्षभर एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला होता, आणि त्याचे उत्तर शोधताना बरेच पैसे आणि एक अख्खा रोल वाया गेला. निदान तेवढे तरी इतरांचे वाचावे म्हणून हा लेख. प्रश्न साधा आहे. रोलचा जुना कॅमेरा हाती आला, तर त्याला स्वस्तातली फ्लॅशगन कोणती घ्यावी?

आधी हा प्रश्न मला का पडला ते सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. वडील भाजीचा धंदा करतात. माझे काका कल्याणच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होते. काम म्हणजे लग्नात फोटोग्राफरच्या बाजूला उभे राहून दुसरी गन उंच धरायची. शेकडो लग्नांत त्यांनी उजेड धरला. स्वतः फोटो काढण्याची वेळ क्वचितच आली. पुढे स्टुडिओ डिजिटल झाला, तेव्हा मालकाने हिशेबाच्या पैशांऐवजी त्यांना पेंटॅक्स के १००० हा कॅमेरा दिला. गन मात्र ठेवून घेतली. २०२१ मध्ये काका गेले. कॅमेरा माळ्यावर एका डब्यात तसाच राहिला.

आमच्या आजीचा एकटीचा असा एकच फोटो आहे, तो आधार कार्डावरचा. गेल्या वर्षी ती पडली, खुब्याचे हाड मोडले आणि तेव्हापासून ती आतल्या खोलीत खाटेवरच असते. एके दिवशी कार्ड हातात घेऊन ती मला म्हणाली, “बाय, मी गेल्यावर हाच मोठा करून भिंतीला लावाल. हा नको. माझ्या लेकाच्या कॅमेऱ्यानं एक काढ.”

मोबाईलवर चटकन काढता येईल असे मी म्हटले, काढलेही. पण आतल्या खोलीला एक हातभर खिडकी आणि वर काळपट कौले. मोबाईलने अंधाराशी झटापट करून जो चेहरा दिला तो मेणाचा वाटत होता. शिवाय आजीची अट कॅमेऱ्याची होती. तेव्हा गन घेणे आले.

उजेड विकत घेण्याचा थोडा इतिहास

अंधारात फोटो काढण्याची खटपट जुनी आहे. १८८७ मध्ये मीथे आणि गेडिके या जर्मन संशोधकांनी मॅग्नेशियमची भुकटी वापरून क्षणात भडकणारी पूड तयार केली. ती पेटवली की लखलखाट होई, धूर होई आणि कधीकधी फोटोग्राफरचे हातही भाजत. १९३० च्या सुमारास काचेच्या फुग्यात बंद केलेले फ्लॅशबल्ब बाजारात आले. धूर गेला, पण एका फोटोला एक बल्ब, तो संपला की फेकून द्यायचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत वृत्तछायाचित्रकार म्हणून नाव मिळवलेल्या होमाई व्यारावाला यांची पिढी असे बल्ब बरोबर वागवीत काम करी. आपल्याला दहा फोटो वाया घालवताना काही वाटत नाही. त्या काळी प्रत्येक फोटोला एक बल्ब खर्ची पडे.

१९३१ च्या सुमारास अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या फ्लॅशचे तंत्र विकसित केले. आजची गन त्याच तत्त्वावर चालते. सेलमधली वीज साधारण तीनशे व्होल्टपर्यंत चढवून एका कपॅसिटरमध्ये साठवायची आणि झेनॉन वायू भरलेल्या काचेच्या नळीतून एका क्षणात सोडून द्यायची. गन चालू केली की जो बारीक ‘चीं’ असा आवाज येतो, तो वीज चढत असल्याचा. येथेच एक सूचना करते. बंद पडलेली गन घरी उघडू नये. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते आणि तिचा धक्का चांगलाच बसतो.

पहिली अडचण : कॅमेरा आणि गन यांची वेळ जुळणे

माझी पहिली फजिती येथे झाली. आतेभावाच्या हळदीला मी एका ओळखीच्यांची गन मागून आणली, शटर १/१२५ वर ठेवले आणि रोल संपेपर्यंत फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा प्रत्येक फोटोच्या एका बाजूला उभा काळा पडदा. काही फोटोंत तर नवरदेव त्या पडद्याआड गेलेला!

कारण असे. के १००० सारख्या कॅमेऱ्यात फिल्मपुढे कापडाचे दोन पडदे आडवे सरकतात. पहिला सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा मागून येऊन ती झाकतो. शटरचा वेग फार असला तर पहिला पडदा पलीकडे पोहोचण्याआधीच दुसरा निघालेला असतो, म्हणजे पूर्ण चौकट एकाच वेळी कधीच उघडी नसते. फ्लॅश तर सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर संपतो. तेवढ्यात जेवढा भाग उघडा सापडेल तेवढाच उजळतो. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचा एक ठरलेला वेग असतो. के १००० चा १/६०, रशियन झेनिट-ई चा १/३०, निकॉन एफएम चा १/१२५. त्या वेगाला किंवा त्याहून कमी वेगाला गन चालते, जास्तीला नाही. याशकाच्या इलेक्ट्रो ३५ सारख्या, भिंगातच पाकळ्यांचे शटर असलेल्या कॅमेऱ्यांना ही अडचण नाही. त्यांत गन कोणत्याही वेगाला जुळते.

हे रोल न घालता तपासता येते. कॅमेऱ्याचे मागचे दार उघडावे, भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवावे, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरून मागून पाहत बटण दाबावे. चौकट पूर्ण उजळलेली दिसली तर वेग बरोबर. ही दोन मिनिटांची चाचणी मी हळदीच्या आधी केली असती तर आतेभाऊ आज माझ्याशी नीट बोलला असता.

गन जोडण्याच्या तऱ्हाही पाहून घ्याव्यात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर जी खाच असते तिच्या मध्यभागी धातूचा ठिपका असेल तर ती ‘हॉट शू’. गन सरकवली की काम झाले. ठिपका नसेल तर ती नुसती बैठक. मग कॅमेऱ्याच्या अंगावरच्या छोट्या गोल छिद्रात वायर जोडावी लागते आणि गनलाही वायरीची सोय असावी लागते. काही जुन्या कॅमेऱ्यांवर ‘एक्स’ आणि ‘एम’ अशा दोन खुणा असतात. आपल्या विजेच्या गनसाठी नेहमी ‘एक्स’. ‘एम’ ही जुन्या बल्बसाठी; बल्ब पेटून पूर्ण उजळायला थोडा वेळ लागे, म्हणून त्या खुणेवर शटर जरा उशिरा उघडते. तेथे आपली गन लावली तर उजेड आधी पडून जातो आणि फिल्म कोरी राहते.

दुसरी अडचण : गनची ताकद

दुकानदार ‘पॉवरफुल आहे’ एवढेच सांगतो. आपण मात्र गाईड नंबर विचारावा. गाईड नंबर म्हणजे अंतर गुणिले भिंगाच्या छिद्राचा आकडा. हा आकडा बहुधा १०० आयएसओच्या फिल्मसाठी आणि मीटरमध्ये दिलेला असतो. समजा गाईड नंबर २० आहे आणि माणूस अडीच मीटरवर आहे, तर २० भागिले अडीच म्हणजे ८. भिंग एफ/८ वर ठेवायचे. फिल्म २०० आयएसओची असेल तर गाईड नंबरला १.४ ने गुणावे, ४०० ची असेल तर २ ने. भागाकार येणाऱ्या कोणालाही हे जमेल. माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थिनीला जमले, यावरून काय ते समजावे.

अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो. हळदीच्या फोटोंत पुढे बसलेल्या मावश्या पांढऱ्याफटक आणि मागे उभे असलेले लोक काळोखात, असे का होते ते यावरून कळेल.

गाईड नंबरच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. पुढे-मागे सरकणाऱ्या डोक्याच्या गनवर छापलेला मोठा आकडा बहुधा लांब पल्ल्याच्या भिंगासाठी मोजलेला असतो. साध्या ५० मिमी भिंगाला तो बराच कमी मिळतो. तेव्हा ५८ आणि ३३ या आकड्यांची थेट तुलना करू नये. कोणत्या भिंगासाठी मोजला आहे ते पुस्तिकेत पाहावे.

बाजारात काय मिळते?

मुंबईत फोर्ट भागात बोरा बझारच्या आसपास कॅमेऱ्याच्या सामानाची दुकाने आहेत. तेथे चार चकरा मारल्यावर, आणि काकांच्या एका जुन्या सोबत्याशी बोलल्यावर, माझ्या लक्षात आले की आपल्या खिशाला परवडणाऱ्या गन तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार, छोटी आणि मान न वळणारी गन. गाईड नंबर १२ च्या आसपास. नव्यांत गोडॉक्स लक्स ज्युनियर ही या जातीची, जुन्यांत कितीतरी. खिशात मावते आणि सहलीला, चौघा मैत्रिणींच्या फोटोला पुरते. पण तिचा उजेड समोरून थेट तोंडावर येतो.

दुसरा प्रकार, जुनी ‘ऑटो’ गन. नॅशनल, सनपॅक, व्हिव्हिटार अशा नावांच्या गन एके काळी गावोगावच्या फोटोग्राफरांकडे असत. यांच्या अंगावर एक छोटा डोळा असतो. समोरून परतणारा उजेड तो मोजतो आणि पुरेसा झाला की गन स्वतःच थांबते. तक्त्यावर सांगितलेला एफ आकडा भिंगावर लावला की पुन्हा हिशेब नाही. हे सगळे गनच्या आतच होत असल्याने कोणत्याही जुन्या कॅमेऱ्यावर चालते. नवख्याला हीच सर्वांत सोयीची, मात्र चालू स्थितीत मिळाली पाहिजे.

येथे आणखी एक धोका आहे. जुन्या गनच्या पायाशी कधीकधी फार मोठा विद्युतदाब असतो. १९७० च्या दशकातील व्हिव्हिटार २८३ ही नामांकित गन, पण तिच्या जपानी बनावटीच्या काही सुरुवातीच्या नगांत तो २०० व्होल्टच्याही वर जातो. के १००० सारख्या यांत्रिक कॅमेऱ्याला सहसा त्याचे काही वाटत नाही. मात्र तीच गन मित्राच्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावली तर त्याचे आतले सर्किट जळू शकते. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय लावू नये.

तिसरा प्रकार, नवी साधी मॅन्युअल गन. गोडॉक्स टीटी ५२० किंवा योंगनुओ वायएन ५६० या घराण्यातली. यांना डोळा नसतो, हिशेब आपणच करायचा. परंतु उजेड पूर्ण, अर्धा, पाव असा कमी करत नेता येतो, मान वर आणि बाजूला वळते, आणि पायाचा दाब कमी असतो. लग्नाचे फोटोग्राफर या वापरत असल्याने सेकंड-हँडही मिळतात.

नव्या, महागड्या, कॅमेऱ्याशी ‘बोलणाऱ्या’ टीटीएल गनच्या मोहात पडू नये. आपला जुना कॅमेरा तिच्याशी बोलणार नाही. तिला मॅन्युअलची सोय असेल तरच ती उपयोगी, आणि तेवढ्यासाठी जादा पैसे का मोजावेत? काही कंपन्यांच्या गनचा पायच निराळ्या घडणीचा असतो, तो आपल्या खाचेत बसत नाही. म्हणून कॅमेरा बरोबर घेऊनच दुकानात जावे.

सेकंड-हँड गन कशी पारखावी?

माझी दुसरी फजिती चारशे रुपयांची. एका फुटपाथवाल्याकडून चकचकीत दिसणारी जुनी गन घेतली. तेथे एकदा लखकन पेटली, मी खूश. घरी तिसऱ्या वेळेला जी बंद पडली ती कायमची. दोन महिन्यांचे वडापाव गेले. तेव्हापासून मी पुढीलप्रमाणे पाहते.

स्वतःचे चार नवे सेल घेऊन जावे. आधी सेलचा कप्पा उघडावा. आत पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर जुने सेल आत फुटलेले आहेत असे समजून गन परत ठेवावी. चालू केल्यावर तयारीचा दिवा दहा-पंधरा सेकंदांत लागला पाहिजे. मग एकदा नव्हे, सहा-सात वेळा पेटवून पाहावी आणि दर वेळी दिवा लागायला किती वेळ लागतो ते मनात मोजावे. वेळ वाढतच गेला तर कपॅसिटर थकला आहे. पुढची काच पिवळी पडली आहे का, नळी काळवंडली आहे का, तेही पाहावे. शेवटी आपल्या कॅमेऱ्यावर बसवून कॅमेऱ्याच्या बटणाने पेटते का ते पाहावे, कारण गनच्या स्वतःच्या बटणाने पेटली म्हणजे पाय चांगला आहे असे होत नाही.

वर्षानुवर्षे न वापरलेली गन लगेच पेटवू नये असे काकांच्या सोबत्याने सांगितले. चालू करून, न पेटवता, थोडा वेळ तशीच राहू द्यावी, बंद करावी, पुन्हा चालू करावी. असे काही वेळा केले की कपॅसिटर सावरतो. अर्थात जो संपलाच आहे तो सावरत नाही, हे मी चारशे रुपये देऊन शिकले. चांगल्या गनलाही दिवा लागल्यावर आणखी काही सेकंद द्यावेत, कारण कपॅसिटर पूर्ण भरण्याआधीच दिवा लागतो. आणि पुन्हा चार्ज होणारे सेल वापरावेत. गन लवकर तयार होते आणि वर्षभरात पैसेही वाचतात.

मी काय घेतले?

माझी गरज एका वाक्यात सांगता येत होती. आजी चष्मा लावते, तोंडावर सुरकुत्या आहेत आणि खोली लहान आहे. थेट उजेड टाकला तर चष्म्यात दोन सूर्य उगवले असते आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली पडली असती. उजेड वरून परावर्तित करून आणायला हवा होता. म्हणजे मान वर वळणारी गन हवी, आणि परावर्तनात पुष्कळ उजेड वाया जातो म्हणून ताकदही हवी. पहिला प्रकार बाद झाला. दुसऱ्या प्रकारातली खात्रीची गन मिळाली नाही. शेवटी डोंबिवलीच्या एका फोटोग्राफरकडून गाईड नंबर ३३ ची वापरलेली मॅन्युअल गन अकराशे रुपयांना घेतली.

आता वर काळी कौले. त्यांच्यावरून उजेड काय परतणार? भिंत निळी, तिच्यावरून परतवला तर आजीही निळी झाली असती. तेव्हा घरातली पांढरी चादर दुहेरी घडी घालून वाशांना आडवी बांधली. वडिलांनी एक टोक ओढून धरले, भावाने दुसरे.

हिशेब असा केला. फिल्म २०० आयएसओची, म्हणून ३३ गुणिले १.४, साधारण ४६. गनपासून चादर दीड मीटर, चादरीपासून आजी अडीच मीटर, एकूण चार. ४६ भागिले ४ म्हणजे साडेअकरा, म्हणजे एफ/११. परावर्तनात सुमारे दोन पायऱ्या उजेड जातो; ११ वरून ८, ८ वरून ५.६. शटर १/६०. चादरीतून थोडा उजेड आरपारही जाणार, म्हणून काही फोटो एफ/४ वरही काढले. निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी पडलेला चालत नाही. मैत्रिणीचा डिजिटल कॅमेरा आणून त्याच आकड्यांवर आधी दोन फोटो काढून पाहिले होते. नवी मॅन्युअल गन असल्याने त्याची भीती नव्हती. रोल महाग, धुवायला मुंबईपर्यंत जावे लागते; अशी तालीम केलेली बरी.

आजीने नऊवारी नेसली, आईने वेणी घातली. मी एकूण चौदा फोटो काढले. वडील सगळा वेळ हात वर करून चादर धरून उभे होते. काकांनी वर्षानुवर्षे हेच केले होते, हे मला त्या वेळी नाही, रात्री आठवले.

पंधरा दिवसांनी फोटो आले. एफ/४ वरचा एक सर्वांत चांगला निघाला. चष्म्यात चमक नाही, मागे सावली नाही, सुरकुत्या आहेत तशा मऊ दिसतात. मी तो मोठा करून आजीच्या हातात दिला. तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “पदर वाकडा आलाय. तेव्हाच सांगायचं होतंस.” मग म्हणाली, “जपून ठेव. पण इतक्यात लावू नको.”

फोटो सध्या तिच्या उशाखालच्या पिशवीत आहे, आधार कार्डाच्या शेजारी.

असो. सारांश एवढाच, की गन घेण्यापूर्वी कॅमेऱ्याचा जुळणारा वेग पाहावा, जोडणी पाहावी, गाईड नंबर समजून घ्यावा आणि आपल्याला कोणाचा, कोठे, कसल्या खोलीत फोटो काढायचा आहे ते आधी ठरवावे. किंमत त्यानंतर विचारावी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर असा एखादा कॅमेरा पडून असेल, आणि आतल्या खोलीत एखादी आजीही असेल. त्यांना माझी गन दोन दिवसांसाठी द्यायला मी तयार आहे. सेल मात्र ज्याचे त्याने आणावेत.